आत सरकलेली ओळ

बारशाच्या आदल्या दिवशी शालन जगदाळे यांनी दोन कामं कुणाच्याही हाती द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. घुगऱ्यांचे हरभरे निवडायचे, आणि विहीणबाईंच्या हाताचा प्रोग्रॅम लिहायचा.

हरभऱ्यांचं कुणाला नवल नव्हतं. प्रोग्रॅमचंही एव्हाना राहिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या शालनताईंनी आयुष्यभर तेच केलं होतं. तरुणपणी त्या सांगलीच्या एका सहकारी बँकेत संगणक खात्यात होत्या, हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर. त्या काळच्या भाषेत प्रत्येक ओळीच्या आधी ठरावीक घरं मोकळी सोडावी लागत. एक घर चुकलं की छपाईचं यंत्र करकर करत हातभर कागद ओकायचं, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत नुसत्या चुका. खात्यातले साहेब तो कागद पताकेसारखा मिरवत यायचे नि सगळ्यांदेखत म्हणायचे, "बाई, यंत्र नको म्हणतंय." शालनताईंना ते साहेब कधी आवडले नाहीत. यंत्राचं ते 'नको' मात्र फार आवडे. चुकीला चूक म्हणणारं कुणीतरी बसलंय, या भरवशावर माणूस निर्धास्त काम करतो.

विहीणबाई म्हणजे कराडच्या कुंदाताई घोरपडे, जावयाची आई. प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून त्यांचा जन्म गेला. कराडच्या बाजारात त्या भाजी घ्यायला निघाल्या की मिशा फुटलेले बाप्ये वाकून नमस्कार करायचे, कारण त्यांना जगात पहिल्यांदा उचललं होतं ते कुंदाताईंनी. आणि त्याच हातांना पाच-सहा वर्षांपूर्वी कंपवात जडला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग मनगट, मग दोन्ही हात. चहा बशीत आणि बशीतला लुगड्यावर. त्या हसून म्हणायच्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं थोपटली, आता हात थांबायला तयार नाहीत."

मग सावरपट्टी आली.

कंपवाताची थरथर आंधळी नसते, तिला ताल असतो. सेकंदाला चार-पाच झोके, एकाच लयीत. माणूस मुद्दाम हात हलवतो तेव्हा ती हालचाल संथ असते आणि तिला असा ताल नसतो. सावरपट्टी हा फरक ओळखते. कोपराखाली बांधलेली ही पट्टी स्नायूंत उठणारा विजेचा तरंग हात हलण्याआधीच टिपते, आणि बरोबर उलट्या क्षणी मज्जातंतूला बारीक टिचकी देते. समोरासमोरून आलेल्या दोन लाटांनी एकमेकींना गिळून टाकावं, तशी थरथर जागच्या जागी विरते. पुढे याच टिचक्यांनी बोटांची पकड घट्ट किंवा सैल करणंही जमू लागलं. पण कप धरणारा हात वेगळा आणि काठी धरणारा वेगळा, शिवाय प्रत्येकाचा आजार वेगळा. म्हणून बनवणाऱ्यांनी पकडीचे नियम मोकळे ठेवले. माणसानं ते आपल्या हातापुरते लिहावेत, किंवा विश्वासाच्या माणसाला परवानगी देऊन लिहून घ्यावेत.

कुंदाताईंनी ती परवानगी शालनताईंना दिली होती. सांगली-कराड भागातल्या कंपवात मंडळाच्या बऱ्याच जणांनी दिली होती.

नियम आता मराठीत लिहिता येत, पण जुनी एक शिस्त तशीच उरली होती. ओळ किती आत सरकवून लिहिली आहे, त्यावरून ती कुणाच्या हाताखाली आहे ते ठरे. बारशासाठी शालनताईंनी कुंदाताईंकरिता नव्यानं लिहिलेले नियम असे होते:

हातात वस्तू आली तर:
    निसटू लागली की पकड घट्ट करा
    वस्तू जड असेल तर:
        मनगट ताठ ठेवा
    समोरच्यानं ओढली तर पकड सैल करा

मनगटाची ओळ सर्वांत आत, कारण ती फक्त जड वस्तूसाठी. शेवटची ओळ पुन्हा बाहेर, कारण ती प्रत्येक वस्तूसाठी. वस्तू कुठलीही असो, घेणाऱ्यानं घेतली की देणाऱ्यानं सोडायचं.

हे सगळं बिघडायचं ते एकाच ठिकाणी. मंडळातले लोक नियम एकमेकांना पाठवायचे ते टिपणांच्या ॲपमधून, आणि त्या ॲपला स्वच्छतेची फार हौस. बाहेरून आणलेला मजकूर चिकटवला की ते ओळींच्या आधीची मोकळी जागा झाडून टाकी. सगळ्या ओळी एका रांगेत उभ्या, कोण कुणाच्या हाताखाली काही कळायचं नाही. उपाय साधा होता. ॲपमध्ये कोडसाठी वेगळी चौकट असते. आधी ती उघडायची, मग तिच्यात पेस्ट करायचं. चौकटीतली जागा कुणी हलवत नाही. शालनताईंनी हे मंडळाच्या सभांत इतक्यांदा सांगितलं होतं की त्या माइकपाशी आल्या की मागच्या रांगेतले म्हातारे कोरसात म्हणायचे, "आधी चौकट, मग पेस्ट!" गेल्याच सभेत त्यांनी इस्लामपूरच्या एका निवृत्त मास्तरांना याच चुकीसाठी सगळ्यांसमोर झापलं होतं. मास्तर पट्टी बांधलेल्या हातानं खाली मान घालून बसले होते.

त्या दुपारी कुंदाताईंचा फोन आला.

"विहीणबाई, उद्या पाळण्यापाशी माझ्या समोर कोण उभं राहणार?"

"मीच. दोन्ही आज्या दोन बाजूंना."

"बघा हं. पाडली तर तुमची नात, झेलली तर माझी."

"तुमच्या हातानं कधी पडलंय का कुणी?"

"तेव्हा हात माझे होते हो." कुंदाताई हसल्या, पण मग हळूच म्हणाल्या, "शालनताई, अजून मी तिला घेतलेली नाही. दवाखान्यात केतकीनं विचारलं होतं, मीच नको म्हटलं. उद्या घ्यायचीच आहे."

"तुम्ही निर्धास्त या. मी नवीन नियम पाठवते, बाळासाठी खास."

फोन ठेवला तेव्हा शालनताईंचा ऊर भरून आला होता. नुसते नियम पाठवणं त्यांना कोरडं वाटलं. टिपणाचं पान उघडून त्यांनी आधी चार ओळी लिहिल्या, 'कुंदाताई, तुमच्या हातांना माझ्या हातांचा नमस्कार' वगैरे. आणि त्याच ओघात खाली नियम चिकटवले. चौकट उघडली नाही. आतून त्यांची लेक केतकी हाका मारत होती, बाळ उठलं होतं. पानावर क्षणभर काहीतरी हललं आणि तळाशी हिरवी खूण उमटली: 'नीटनेटकं केलं आहे.' त्यांनी पाठवून दिलं. कुंदाताईंच्या पट्टीनंही तक्रार न करता नियम घेतले.

बारशाला घर फुलून गेलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी. कुंदाताई जांभळ्या इरकलीत आल्या, बाह्या कोपरापर्यंत, आणि पट्ट्या दडवल्या नव्हत्या. "बांगड्यांबरोबर शोभतात की नाही?" असं त्यांनी दोघीतिघींना विचारूनही घेतलं.

रीतीप्रमाणे आधी वरवंटा आला. त्याला कुंची घातली होती, काजळाची तीट लावली होती. पाळण्याच्या एका बाजूला शालनताई, दुसऱ्या बाजूला कुंदाताई. बायकांनी सूर धरला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या."

"मुलगी आहे, गोविंद कसला?" शीतल, म्हणजे बाळाची आत्या, मागून ओरडली.

"वरवंटा गोविंदच आहे, तू गप!"

हशा पिकला. वरवंटा पाळण्यावरून कुंदाताईंकडे गेला, पाळण्याखालून परत आला. कुंदाताईंचे हात दगडासारखे स्थिर होते. शालनताईंनी ओढला की त्यांची बोटं लोण्यासारखी सुटत. पुन्हा वरून, पुन्हा खालून. टाळ्या पडल्या. शालनताई मनात म्हणाल्या, झाली चाचणी. बँकेतसुद्धा आधी खोट्या रकमा घालून बघायचे, मग खऱ्या.

मग केतकीनं बाळ आणलं. वेळेच्या थोडं आधी आलेलं, कापसाच्या बोळ्यासारखं हलकं. शालनताईंनी ते पाळण्यावरून पलीकडे दिलं. कुंदाताईंनी घेतलं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्या बाळाकडे बघतच राहिल्या.

"द्या आता खालून," कुणीतरी म्हणालं.

त्या वाकल्या. पाळण्याखालून शालनताईंनी हात पुढे केले, बाळाला धरलं, अलगद ओढलं. बाळ आलं नाही. त्यांनी जरा जोर केला. आणि बाळ किंचाळलं.

कुंदाताईंची बोटं बाळाच्या दंडावर आवळत चालली होती. जितकं ओढावं तितकी घट्ट.

"सोडा! आई, सोडा तिला!" केतकी धावली.

"सुटत नाहीये गं, काढा, पट्टी काढा!" कुंदाताई पाळण्याखालून ओरडत होत्या, पण बाळाच्या रडण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. केतकीनं त्यांचं एकेक बोट उलटं वाकवून सोडवलं. पट्ट्यांचे चाप शेवटी शालनताईंनीच काढले. चाप निघाल्याबरोबर ते हात थडथड उडू लागले, पाळण्याच्या कठड्यावर आपटू लागले.

दवाखान्यात हाड शाबूत निघालं. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ उठले होते. बाळाच्या कानात नाव सांगायचं राहिलंच होतं. ते शीतलनं परत आल्यावर गडबडीत सांगितलं, 'उर्वी', आणि तिच्या पाठीत धपाटे घालायचं कुणाला सुचलं नाही. तोवर कुंदाताई निघून गेल्या होत्या. रणजित, त्यांचा मुलगा, त्यांना गाडीत बसवत होता तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "यंत्राला बोल नको लावू रे. माझेच हात गेले."

पानं मांडलेली तशीच होती. पाहुणे हळू आवाजात जेवून गेले.

घर रिकामं झाल्यावर शालनताईंनी कालचं टिपण उघडलं. त्यांना शंका नव्हती, नुसती खात्री करून घ्यायची होती की आपलं काही चुकलेलं नाही. वरचा नमस्कार वाचला. खालचे नियम वाचले. दोनदा वाचले तरी डोळ्यांना काही दिसेना, कारण शब्द सगळे त्यांचेच होते. मग त्यांनी शब्द सोडले आणि मोकळ्या जागेकडे पाहिलं.

शेवटची ओळ आत सरकली होती. मनगटाच्या ओळीच्या बरोबर खाली जाऊन बसली होती.

ॲपनं आधी सगळ्या जागा झाडून टाकल्या होत्या. मग त्यातल्या नव्या यांत्रिक मदतनिसानं, ज्याला अर्धवट काही बघवत नाही, त्या आपल्या अंदाजानं परत भरल्या होत्या. अंदाज तसा शहाणपणाचाच होता. मनगट आणि पकड, दोन्ही एका कुळातल्या गोष्टी. फक्त त्याचा अर्थ असा झाला होता की समोरच्यानं ओढल्यावर पकड सोडायची, ती वस्तू जड असेल तरच. वरवंटा जड होता. उर्वी हलकी होती. हलकी वस्तू ओढली गेली की पट्टीला ती निसटते आहे असंच वाटणार, आणि निसटू लागली की पकड घट्ट.

जुनं यंत्र असतं तर हातभर कागद ओकून 'नको' म्हणालं असतं. वर्षापूर्वी हे नियम एका रांगेतच गेले असते आणि पट्टीनं ते घेतले नसते. या नव्या यंत्रांना नाही म्हणता येत नाही. ती समजून घेतात. शालनताईंनी हे सगळं मनाशी नीट मांडलं, आणि मांडता मांडता त्यांच्या ध्यानात आलं की आपण दोष ठेवायला जागा शोधतो आहोत. हिरवी खूण त्यांनी पाहिली होती. एकदा वर नजर टाकली असती तर ओळ दिसली असती. टाकली नाही, कारण आपलं चुकेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

इस्लामपूरच्या मास्तरांची खाली घातलेली मान डोळ्यांपुढे आली.

आणि मग त्यांनी जे केलं ते त्या चुकीहून वाईट होतं. परवानगी त्यांच्याकडे होतीच. त्यांनी ओळ बाहेर ओढली, चौकटीत घातली, तपासली, आणि सांगलीत बसल्या बसल्या कराडला कुंदाताईंच्या पट्टीत ढकलून दिली. जुनं टिपण पुसलं. कुणाला काही कळलं नाही.

पुढचे दिवस घरात एक विचित्र सुख होतं. केतकी सव्वा महिन्यानं सासरी जायची होती, ती आता जायचं नाव काढेना.

"मम्मी, मी काही दिवस इथंच राहते. रणजित पण म्हणतोय."

"राहा की. घर तुझंच आहे."

"तिकडे उर्वीला आईंजवळ ठेवायचं म्हणजे... मी अंघोळीला गेले आणि त्यांनी उचललं तर? त्या मुद्दाम करणार नाहीत गं. पण हात त्यांच्या ताब्यात नाहीत ना. आम्ही पुण्याला वेगळा फ्लॅट बघतोय. आईंना अजून सांगितलं नाही."

शालनताई बाळाला तेल चोळत होत्या. दंडावरचे वळ आता पिवळे पडले होते. त्यावरून बोट फिरवताना त्यांना वाटलं, आत्ता सांगावं. पण बाळ त्यांच्याकडे बघून तोंडाचा चंबू करत होतं, आणि केतकी म्हणत होती, "तुझ्या हातात कशी शांत राहते बघ." त्या बोलल्या नाहीत. रोज सकाळी नात मांडीवर मिळत होती. दुसरीच्या मांडीवरून उचललेली, पण मिळत होती.

रोज त्या कराडला फोनही करायच्या. तब्येत कशी आहे, जेवलात का. कुंदाताई थोडकं बोलायच्या. डॉक्टरांनी आजार वाढला असं समजून गोळ्या वाढवल्या होत्या. दिवसभर गुंगी असायची, जीभ जड व्हायची. पट्ट्या त्यांनी कपाटात टाकल्या होत्या.

"घालून बघा की पुन्हा," शालनताई म्हणायच्या. "आता नीट चालतील."

"नको हो. त्यांचा काय दोष."

एके दिवशी कुंदाताईंनी आपणहून फोन केला. बोलण्यात गोळ्यांचा जडपणा होता.

"शालनताई, रविवारी येऊ का? केतकीला विचारा आधी. मी हात नाही लावणार. लांबूनच बघते."

"अहो, विचारायचं काय त्यात..."

"नाही, विचारा. पोरीला धसका बसलाय. मी दारातल्या खुर्चीत बसेन. हवं तर हात पदराखाली घेते."

पुढे आपण काय बोललो ते शालनताईंना आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विजेच्या एसटीनं त्या कराडला गेल्या. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्यात कर्ता ते ॲप होतं. ताकारीच्या पुढे त्यांनी जुळवणं सोडून दिलं.

कुंदाताई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होत्या. शेंग फुटली की दाणे चहूकडे उडत, काही ताटात, बरेचसे फरशीवर. त्या ते वेचायच्या नाहीत, पुढची शेंग घ्यायच्या.

"या. अचानक?"

शालनताई समोर फरशीवर बसल्या. गुडघे बोलले. त्यांनी चार-पाच शेंगा घेतल्या आणि जमिनीवर एकाखाली एक मांडल्या. एक काठाला. एक जरा आत. एक तिच्याही आत. मग एक पुन्हा बाहेर.

"हे तुमच्या हाताचे नियम. ही खालची शेंग म्हणजे 'समोरच्यानं घेतलं की सोडा'. ही इथं असायला हवी होती." त्यांनी ती शेंग बोटानं आत सरकवली. "ती इथं गेली. माझ्याकडून. मी तुम्हाला टिपण पाठवताना चौकटीत घातलं नाही, आणि नंतर बघितलंही नाही. म्हणून वरवंटा सुटला आणि उर्वी सुटली नाही. तुमचा आजार वाढलेला नाही, कुंदाताई. तुमच्या हातांचं काही चुकलेलं नाही."

कुंदाताईंनी मान वाकवून त्या शेंगेकडे पाहिलं.

"एवढीशी सरकली?"

"एवढीशीच."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

याच प्रश्नाची त्यांना भीती होती. "त्याच दुपारी."

कुंदाताईंच्या हातातली शेंग खाली पडली. त्यांनी उचलली नाही.

"त्याच दुपारी," त्या म्हणाल्या. "आणि रोज फोन करून मला विचारत होता, तब्येत कशी आहे."

"हो."

"मी गोळ्या खातेय. मला रणजितचं नाव पटकन आठवत नाही सकाळी. तुम्ही म्हणत होता, घालून बघा, आता नीट चालतील." त्यांनी मान वर केली. "आता म्हणजे? तुम्ही नीट केलंत?"

"त्याच दिवशी. घरूनच."

"मला न विचारता?"

"परवानगी होती म्हणून..."

"परवानगी लिहायची दिली होती बाई. लपून आत शिरायची नाही." त्यांचा आवाज चढला आणि त्याबरोबर हातही जोरात उडू लागले. "पहिल्यांदा तुम्ही चुकलात, ते मी समजू शकते. माझ्याही हातून काय काय झालंय त्या वॉर्डात, सांगत बसत नाही. पण दुसऱ्यांदा तुम्ही माझ्या हातात येऊन गेलात आणि मला पत्ता नाही! हात माझा आहे ना? का तोही मंडळाचा?"

माफी हा शब्द शालनताईंच्या तोंडात होता, पण तो इतका हलका वाटला की त्यांनी काढलाच नाही.

कुंदाताईंनी कपाटाकडे मान हलवली. "आणा त्या पट्ट्या. आणि तुमचं नाव काढा त्यातून. माझ्यासमोर. बोट कुठं ठेवता ते मला दिसलं पाहिजे."

शालनताईंनी पट्ट्या आणल्या, फोन दोघींच्या मध्ये ठेवला, आणि आपल्या नावापुढची परवानगी स्वतःच्या बोटानं पुसली. 'खात्री आहे का?' असं फोननं विचारलं. इतक्या दिवसांत कुठल्या तरी यंत्रानं त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"आता केतकीला सांगा," कुंदाताई म्हणाल्या. "मी इथं बसलेय. पण मी एक शब्द बोलणार नाही."

केतकी पडद्यावर आली, खांद्यावर बाळ. शालनताईंनी सगळं सांगितलं. शेंगांशिवाय, सरळ.

"अगं पण मम्मी, हे त्या ॲपनं केलं ना? तू कशाला एवढं..." केतकी गडबडून म्हणाली. "या वयात होतं असं. कुणाच्याही हातून झालं असतं."

तो दरवाजा किती सहज उघडला होता. आत जाऊन बसायचं, एवढंच. शालनताईंनी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या मटार सोलत होत्या.

"वयाचं काही नाही, केतकी. मी बघितलं नाही, ही माझी चूक. आणि कळल्यावर लपवलं, ती चूक नव्हे. ते मी ठरवून केलं. तू माझ्याकडे राहिलीस, ते मला बरं वाटत होतं. तू आईंच्या हातांबद्दल बोलायचीस तेव्हा मी ऐकून घेत होते."

पडद्यावर केतकीचा चेहरा हळूहळू बदलला. आधी तिला समजलं नाही, आणि मग समजलं.

"मी त्यांची बोटं उलटी वाकवली होती गं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्या दुपारीच ती आली. रणजितनं गाडी काढली होती. तिनं चपला दारातच टाकल्या, शालनताईंकडे न बघता सरळ आत गेली आणि कुंदाताईंसमोर खाली बसली.

"आई, घ्या हिला."

"पट्ट्या नाहीत घातलेल्या."

"नसू देत."

कुंदाताईंनी भिंतीला पाठ टेकली, मांडीवर उशी घेतली, दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबली. "अशी ठेव. डोकं इकडे. तुझा हात खाली राहू दे." हात थरथरत होते, उशी थरथरत होती, बाळाचं टोपडंही. उर्वीनं तोंड वाकडं केलं, रडू की नको असा विचार केला, आणि रडली. कुंदाताई तिला गप्प करायच्या फंदात पडल्या नाहीत. "रड बाई," त्या म्हणाल्या, "रागवायचा तुझा हक्कच आहे." दारात उभा असलेला रणजित पाठ फिरवून बाहेर गेला.

थोड्या वेळानं कुंदाताई थकल्या. "घे गं कुणीतरी, माझी कोपरं भरून आली."

शालनताई तिथंच, हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. इतक्या दिवसांच्या सवयीनं त्यांचे हात आपोआप पुढे झाले.

"थांब मम्मी," केतकी म्हणाली. ती चिडून बोलली नाही. मध्ये फक्त तिचा तळहात आला. "अजून नको."

तिनं बाळ उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. शालनताईंनी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या मध्ये पडल्या नाहीत. त्या आपले दुखरे दंड चोळत होत्या.

शालनताईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना थोडा वेळ कळेना. मग त्या फरशीवर सांडलेले मटार एकेक करून वेचू लागल्या.